लायोल चाकूच्या नावाखाली २१० युरोंना लुटलं, घेणाऱ्यांनी आधी वाचा

लायोल म्हणजे त्याच नावाच्या फ्रेंच गावावरून ओळखला जाणारा घडीचा चाकू, तो मी एका साइटवरून मागवला. आधी आकडेच सांगते. चाकू १४८ युरो, पाठवणी १९, 'अस्सल असल्याचं सर्टिफिकेट' म्हणून १२ आणि माल आल्यावर ड्युटी ३१. एकूण २१० युरो, आणि हातात पडला ठोकात विकला जाणारा फालतू माल, वर लायोलची खूण असलेली धातूची माशी चिकटवलेला. लाज वाटतेय तरी लिहितेय, कारण तोच विक्रेता दुसऱ्या नावाने तेच फोटो लावून परत बसलाय.

बघून घ्यायचं ना, असं लगेच कोणीतरी म्हणेल. बघितलं होतं! घडीचे चाकू मला नवीन नाहीत, माझ्याकडे आठ नंबरचा फ्रेंच ओपिनेल आहे आणि जपानी हिगोनोकामी आहे, दोन्ही रोज वापरातले. पण या दोघांत पाठीची स्प्रिंगच नसते हो. ओपिनेलचं पातं लाकडी मुठीच्या खाचेत घट्ट धरून राहतं आणि १९५५ पासून आलेली ती गोल कडी फिरवली की पक्कं होतं. हिगोनोकामीला तर लॉकही नाही, पात्यामागची छोटी दांडी अंगठ्याने दाबून धरायची, बस. लायोलचं तसं नाही, तिथे मुठीच्या पाठीत लांब स्प्रिंग असते, ती पात्याच्या बुडावर सतत दाब ठेवते, उघडताना शेवटच्या टप्प्यात पातं स्वतःच ओढून घेते आणि टक् करून बसवते, मग बंद करताना तोच दाब हाताने मोडावा लागतो. पैसे आपण त्या हालचालीचे देतो, आणि ती फोटोत दिसत नाही. त्या विक्रेत्याला हे पक्कं माहीत होतं.

म्हणूनच मी व्हिडिओ मागितला. आला पण. पातं उघडायला लागतं आणि नेमकं शेवटच्या टप्प्याआधी सीन कट, पुढच्या क्षणी चाकू उघडा टेबलावर. बंद करताना दाखवलंच नाही, आणि आवाजाच्या जागी गाणं टाकलेलं. तिथेच थांबायला हवं होतं, अजून रात्री डोक्यात तोच कट फिरतो. मी विचारलं की आवाजासकट परत पाठवा, तर उत्तरात आली सर्टिफिकेटची ऑफर, १२ युरो जादा, सोबत गावाचं नाव, होलोग्राम, सही. समोरचा इतकी कागदपत्रं देतोय म्हटल्यावर कोणीही विश्वास ठेवला असता, मी एकटी नाही.

आता माल. लिहिलं होतं माशी स्प्रिंगमधूनच घडवलेली आहे, म्हणजे स्प्रिंग आणि माशी एकच तुकडा. भिंगाखाली माशीच्या खाली सरळ डाग दिल्याची, म्हणजे वेगळा तुकडा जोडल्याची, रेघ दिसते. डाग दिलेली माशी चांगल्या कारखान्यांच्या स्वस्त मालातही असते, ती काही गुन्हा नाही, पण मग तसं लिहा आणि तसे पैसे घ्या! स्प्रिंगवरची नक्षी कानशीने केलेली म्हणे, प्रत्यक्षात मशीनचा ठसा, प्रत्येक खाच एकसारखी. चाकू उजेडासमोर धरला की स्प्रिंग आणि लायनर (मुठीच्या आतली धातूची पट्टी) यांच्या मधून उजेड आरपार येतो. उघडल्यावर पातं डावीउजवीकडे डगडगतं. आणि बंद होताना धार स्प्रिंगवर आपटते, चारदा उघडझाप केली तर धारेत मधोमध दात पडला. लायोल हळू, हाताने धरून बंद करायचा असतो हे मलाही माहीत आहे, तसाच केला, तरी आपटते, कारण पात्याला आत अडवणारी जागाच नीट घडवलेली नाही.

एक ऐकून ठेवा, पात्यावर कोरलेल्या नावाला काडीची किंमत नाही. फ्रान्समधल्या आव्हेरों भागातल्या लायोल गावात हा चाकू १८२९ च्या सुमाराला सुरू झाला, पण १९९३ मध्ये गावाशी संबंध नसलेल्या एकाने गावाचंच नाव ट्रेडमार्क केलं आणि बाहेरून आणलेल्या मालावर ते लागायला लागलं. गाववाल्यांनी वर्षानुवर्षं कोर्टात भांडून २०१९ मध्ये त्यातले बरेच ट्रेडमार्क रद्द करून घेतले. तरी तसा आकार आणि तशी माशी कोणीही कुठेही बनवतोच. उलट फ्रान्समधल्याच तिएर गावात बनलेले कितीतरी लायोल उत्तम असतात. तेव्हा पात्यावरचं नाव नको, बनवणाऱ्या कारखान्याचं नाव मागा.

आणि याच गोष्टीवर बँकेने मला उडवलं. तक्रार केली तर म्हणे चाकू मागवला, चाकू मिळाला, नावही तेच आहे, मग खोटं काय? मी डाग दिलेल्या माशीचे फोटो पाठवले, उजेडाचे पाठवले, डगडगणाऱ्या पात्याचा व्हिडिओ पाठवला. त्यांना 'तज्ज्ञाचं लेखी मत' हवं. कोण तज्ज्ञ, कुठे बसतो, त्याची फी कोण देणार, यावर गप्प. साइटवाल्यांनी मधल्या काळात मुदत संपली म्हणून केस बंद केली, ती मुदत बँकेच्या उत्तराची वाट बघण्यातच गेली होती. पोलिसांकडे गेले तर पहिला प्रश्न, चाकू कशाला मागवला? जणू मीच आरोपी. पेन्सिल तासायचा, फळ कापायचा खिशातला चाकू आहे हे समजावण्यातच वेळ गेला, रक्कम ऐकल्यावर त्यांनी वहीसुद्धा उघडली नाही. ग्राहक तक्रारीच्या पोर्टलला विक्रेत्याचा पूर्ण पत्ता लागतो. अहो, पत्ता खरा असता तर तक्रार कशाला केली असती!

विक्रेत्याने मधेच २० युरो परत देतो, चाकू ठेवून घ्या, असं लिहिलं. घेऊ नका. अशी रक्कम स्वीकारली की प्रकरण मिटलं असं ते दाखवतात. मी नाकारली. माल परत पाठवा म्हणतील तर पाठवणीचा खर्च आणि पत्ता आधी लेखी घ्या. पैसे कार्डनेच द्या, थेट खात्यावर कधीच नाही. न कापलेला, आवाजासकट, उघडझाप दोन्ही दाखवणारा व्हिडिओ मिळाल्याशिवाय एक पैसा सोडू नका, आणि सर्टिफिकेट विकत देणारा दिसला की तिथूनच मागे फिरा.

बँकेला मी परत लिहिलंय, या वेळी विक्रेत्याचं मूळ वर्णन ओळीओळीने आणि शेजारी मालाचा फोटो अशी जोडी लावून. त्याचं नवीन पान अजून चालू आहे, किंमत १४८ वरून १३९ केलीये आणि व्हिडिओ तोच आहे, त्याच जागी कापलेला.