ऑडिशनला जाऊन आलो, ग्रुप चांगलाय पण वेळेचं बघा जरा

आपल्या सोलापुरातल्या एका हौशी नाट्यसंस्थेच्या नव्या दोन एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकासाठी ऑडिशन होती, तिथं जाऊन आलो. नाव लिहीत नाही, कारण थोडी तक्रार पण आहे.

बोलावलं 4 ला आणि सुरू झालं साडेपाचला, तोवर शाळेच्या वर्गात फॅनखाली बसून घाम पुसायचा, पाणी पण नाही ओ. पण एकदा सुरू झालं की मजा आली. पाठ केलेलं स्वगत 2 मिनिटात थांबवतात, मग तिथल्या तिथं स्क्रिप्टचं पान हातात देतात, आणि तेच वाक्य रागात नको, उधारी मागायला आल्यासारखं म्हण असं सांगतात, इथं खरा कस लागतो. पूर्व भागातला एक तेलुगू घरातला पोरगा आलता, त्याला बोली बदलायला न लावता तसंच वाचू दिलं, हे मला लय आवडलं.

फी नाही, मानधन पण नाही. तालमी रोज रात्री 8 नंतर, त्यामुळं नोकरीवाल्यांना जमतं. निकाल मात्र व्हॉट्सअपवर फक्त निवडलेल्यांनाच, बाकीचे बसा वाट बघत. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाच्या स्टेजवर उभं राहायची हौस असेल तर जावा बिनधास्त, पाण्याची बाटली घेऊन.