एक्स-१५ए-२ चं १/४८ किट: पांढरं विमान आणि शेपटीखालचं ते खोटं इंजिन

हे मॉडेल किट (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं, तुकडे जोडून बनवायचं प्लॅस्टिकचं विमान) पूर्ण करायला मला तीन महिने लागले, त्यामुळे हा रिव्ह्यू नुसता बॉक्स उघडून फोटो टाकण्यातला नाहीये, सगळे पार्ट हाताखालून गेल्यावर लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या वाट्याला आलेला सेट कदाचित जरा वाईट निघाला असेल. आधीच सांगून टाकतो, किट चांगलं आहे, घ्या. पण त्यात एक चूक अशा जागी आहे की ती बघून मला खरंच वाईट वाटलं, आणि बरंचसं त्याच्यावरच लिहिणार आहे.

ज्यांना हे विमान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक्स-१५ हे अमेरिकेचं रॉकेट विमान, तीन बनवली, १९५९ ते १९६८ मध्ये मिळून १९९ उड्डाणं झाली. जमिनीवरून उडायचं नाही, बी-५२ या मोठ्या बॉम्बर विमानाच्या पंखाखाली लटकून वर जायचं आणि तिथून सोडायचे. यातलं दुसरं विमान १९६२ मध्ये लँडिंगला उलटलं, दुरुस्त करताना थोडं लांब केलं, बाहेरून दोन टाक्या लावायची सोय केली आणि ते झालं ए-२. ३ ऑक्टोबर १९६७ ला वैमानिक पीट नाइट यांनी ते मॅक ६.७ ला (मॅक १ म्हणजे आवाजाचा वेग) नेलं, म्हणजे ताशी ७,२७४ किलोमीटर. माणूस बसलेलं विमान इंजिनाच्या जोरावर यापेक्षा जोरात आजपर्यंत उडलेलं नाही, आणि हे किट त्याच दिवसाचं विमान आहे.

आता किट. १/४८ मध्ये लांबी साधारण ३३ सेंटीमीटर आणि पंख टोकापासून टोकापर्यंत फक्त १४, त्यामुळे टेबलावर ठेवलं की विमानापेक्षा बाणच वाटतो. प्लॅस्टिक बऱ्यापैकी कडक आहे, फ्लॅश (कडांना साचातून आलेलं जादा प्लॅस्टिक) कमी. बॉडीच्या दोन अर्ध्या भागांचा जॉइंट वरून छान बसला पण खाली शेपटीकडे अर्धा मिलीमीटर फट राहिली, पुट्टी आणि सँडपेपर दोन्ही लागतील आणि ड्राय फिट, म्हणजे गोंदाशिवाय नुसतं जोडून बघितल्याशिवाय गोंद लावूच नका. बाजूने जाणाऱ्या त्या लांब फुगीर पट्ट्या वेगळ्या दिल्यात ते चांगलं केलंय, त्यांनी जॉइंटचा बराच भाग झाकला जातो.

शेपटीचा पंखा बघून मी खूश झालो. एक्स-१५ चा उभा पंखा मागे निमुळता होत नाही, उलट पाचरीसारखा जाड होत जातो आणि मागे सपाट कापल्यासारखा संपतो, कारण मॅक ५ च्या पुढे पातळ पंख्याची पकड कमी होते आणि विमान सरळ ठेवायला पाचर जास्त कामाला येते. या किटमध्ये तो मागचा सपाटपणा बरोबर आहे. म्हणजे डिझाइन करणाऱ्याने ड्रॉइंग नीट बघितलीयेत, आणि म्हणूनच पुढची चूक जास्त खटकली.

रंगाबद्दल. एक्स-१५ चं कवच इन्कोनेल-एक्स नावाच्या निकेलच्या मिश्रधातूचं, साधारण ६५० अंश सेल्सियस गृहीत धरून केलेलं, आणि बहुतेक फोटोंत ते काळं दिसतं. ए-२ ला त्याहून जास्त वेगात न्यायचं होतं म्हणून त्यावर एक गुलाबी लेप फवारला, जो स्वतः जळत झिजत जातो आणि उष्णता बरोबर घेऊन जातो. त्यात अडचण अशी निघाली की हा लेप द्रवरूप ऑक्सिजनमध्ये भिजला तर नुसत्या धक्क्याने पेटू शकतो, आणि विमानाच्या पोटात तर तोच ऑक्सिजन भरलेला! मग वरून पांढरा थर दिला. त्यामुळे किटमध्ये फक्त पांढरा रंग सांगितलाय ते चूक नाही, पण मी खाली गुलाबी मारून वर पांढरा एअरब्रशने पातळ दिला, कडांना किंचित गुलाबी डोकावतो, आणि काम जिवंत वाटतं. दोन दिवस जास्त गेले, तरी कराच.

आणखी एक बारीक गोष्ट त्यांनी पकडलीये, डाव्या खिडकीवरची झाकणी. लेप जळला की त्याचा धूर-काजळी काचेवर बसणार हे माहीत होतं, म्हणून डाव्या काचेला पापणीसारखं झाकण दिलं होतं, वेग उतरला की ते उघडायचं आणि लँडिंग त्या स्वच्छ काचेतून करायचं. किटमध्ये बंद आणि उघडी दोन्ही पार्ट दिलेत. तांदळाच्या दाण्याएवढा पार्ट आहे, चिमट्यातून उडाला तर सापडणार नाही, खाली पांढरा कपडा पसरून बसा.

आता मूळ मुद्दा. स्प्रूवर (सगळे पार्ट जोडलेले असतात त्या चौकटीवर) अगदी कोपऱ्यात पाच तुकडे आहेत, पुढे टोकदार सुळका असलेली एक नळी, जी शेपटीच्या खालच्या पंख्याला लटकते. इन्स्ट्रक्शन शीटवर त्याला ‘जादा इंजिन’ लिहिलंय आणि पुढे ‘हवं तर लावा’. माझा भाचा शेजारी बसला होता, त्याने विचारलं, मामा, म्हणजे विमानाला दोन इंजिनं होती का? नव्हती रे. मागचं एकच, एक्सएलआर-९९ रॉकेट, सुमारे २६ टन जोर, अमोनिया आणि द्रव ऑक्सिजन जाळणारं. खाली लटकतंय ते इंजिन नाहीये, इंजिनाचा डमी आहे. नासाला हवा ओढून चालणारं हायपरसॉनिक, म्हणजे मॅक ५ च्या पुढे चालणारं इंजिन बनवायचं होतं आणि त्याची उड्डाणात चाचणी एक्स-१५ खाली लटकवून घ्यायची होती. ते तयार होईपर्यंत त्याच आकाराचं खोटं इंजिन लावून बघत होते की विमान नीट उडतं का.

आणि त्या विक्रमाच्या दिवशी काय झालं? विमानाच्या पुढच्या टोकाची शॉकवेव्ह (आवाजापेक्षा जास्त वेगात हवा एकदम दाबली जाऊन होणारी लाट) वेगळी, डमीच्या सुळक्याची वेगळी, मॅक ६ च्या पुढे अशा लाटा एकमेकींना छेदून जिथे आदळतात तिथे उष्णता आजूबाजूच्या कितीतरी पट होते. इथे त्या डमी ज्यावर टांगला होता त्या लटकणीवर आदळल्या. लेप गेला, खालचा धातू वितळून भोकं पडली आणि डमी इंजिन वाटेतच तुटून पडलं. नाइट यांनी विमान सुखरूप उतरवलं, पण ते विमान परत कधी उडलं नाही. खरं इंजिन एक्स-१५ खाली कधी लागलंच नाही, प्रोग्रॅम १९६८ मध्ये बंद झाला आणि ते इंजिन पुढे जमिनीवरच्या टनेलमध्ये तपासलं.

म्हणून मला त्या ‘हवं तर लावा’चा राग आला. वेगाचा आकडा रॉकेटने काढला हे खरं, पण पुढच्या साठ वर्षांच्या हायपरसॉनिक इंजिनांचं दुखणं काय असणार ते त्या दिवशी या पाच तुकड्यांनी दाखवलं. नुसता जोर लावून भागत नाही, जोडाजोडाशी, कडेकडेशी उष्णता कुठे गोळा होते ते कळलं पाहिजे. आणि किटमध्ये नेमकी हीच लटकणी जाडजूड, सरळ ठोकळ्यासारखी दिलीये, फोटोत दिसते ती धारदार कड नाही. मी ती प्लॅस्टिक शीटमधून नवीन कापली.

भाच्याचा पुढचा प्रश्न, मग रॉकेटच का नाही लावत सगळीकडे. कारण रॉकेटला ऑक्सिजनसुद्धा बरोबर न्यावा लागतो, एक्स-१५ सुटतानाच्या वजनात निम्म्याहून जास्त इंधन आणि ऑक्सिजनच होता, आणि एवढं सगळं दीड-दोन मिनिटांत संपायचं. हवेतला ऑक्सिजन वापरता आला तर ते वजन वाचतं. साध्या जेटमध्ये फिरणारी पाती हवा दाबतात, पण मॅक ३ च्या आसपास हवा आत येता येताच एवढी तापते की पात्यांना झेपत नाही. रॅमजेटमध्ये पातीच नाहीत, वेगानेच हवा दाबली जाते, पण आत हवा आवाजाच्या वेगाखाली आणावी लागते आणि मॅक ५-६ नंतर एवढं थांबवलं की ती भयंकर तापते. स्क्रॅमजेटमध्ये हवा थांबवतच नाहीत, आवाजापेक्षा जास्त वेगाने आतून जाऊ देतात आणि तशीच त्यात आग लावतात, म्हणजे इंधन मिसळायला आणि जळायला मिळतात ते एक-दोन मिलिसेकंद. वादळात काडी पेटवून ती पेटती ठेवण्यासारखं आहे हे. वर गंमत अशी की स्क्रॅमजेट उभ्या जागेवरून सुरूच होत नाही, आधी दुसऱ्या कोणीतरी त्याला तेवढ्या वेगात न्यायला लागतं.

नासाच्या बिनमाणसाच्या एक्स-४३ए या स्क्रॅमजेट विमानाने नोव्हेंबर २००४ मध्ये मॅक ९.६ गाठलं, हायड्रोजनवर, इंजिन चाललं दहाएक सेकंद. एक्स-५१ए हे तसंच दुसरं स्क्रॅमजेट मे २०१३ मध्ये मॅक ५.१ ला २१० सेकंद चाललं आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्याने जेपी-७ वापरलं, एसआर-७१ या जुन्या वेगवान टेहळणी विमानाचं इंधन, आणि जाळायच्या आधी ते इंजिनाच्या भिंतींतून फिरवलं. इंधन भिंत गार करतं, स्वतः तापतं आणि तापलेलं जळायला सोपं जातं. १९६७ ला जी उष्णता भोकं पाडून गेली तिलाच इथे कामाला लावलंय. आपल्याकडे डीआरडीओने सप्टेंबर २०२० मध्ये एचएसटीडीव्ही हे स्क्रॅमजेटचं चाचणी यान वीसेक सेकंद स्क्रॅमजेटवर उडवलं आणि एप्रिल २०२५ मध्ये छोट्या आकाराचा गार केलेला कंबस्टर (इंजिनात इंधन जळतं तो भाग) जमिनीवर १,००० सेकंदांच्या वर चालवला. उड्डाण आणि जमिनीवरची चाचणी यात फरक आहे, पण सेकंदांची मिनिटं होतायत हे खरंच मोठं आहे.

बॉक्सच्या मागे मात्र ‘उद्याच्या प्रवासी विमानांचा पूर्वज’ असं छापलंय, तेवढं मी मनावर घेणार नाही. प्रवासी विमानाला धावपट्टीवरून उठायचंय, रोज उडायचंय, एकाच अंगात जेट आणि रॅमजेट दोन्ही बसवायचेत. हर्मियस कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये जेटवरून रॅमजेटवर जायचा बदल जमिनीवर करून दाखवला. ब्रिटनच्या रिअॅक्शन इंजिन्सने आत येणारी हवा क्षणात गार करणारा प्रीकूलर २०१९ मध्ये मॅक ५ इतक्या तापमानाला तपासला होता, आणि तीच कंपनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पैशाअभावी बंद पडली. ती बातमी वाचून मी फार हळहळलो होतो. म्हणून माझ्या मते तिकीट काढून मॅक ५ ला बसायचे दिवस अजून लांब आहेत, त्याआधी बिनमाणसाची विमानं बरीच उडतील.

उरलेलं भराभर. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे नंबर-खुणा) पातळ आणि छान, ६६६७१ हा नंबर बरोबर, पण पांढऱ्यावर चिकटवताना सॉफ्टनर (डेकल मऊ करणारं द्रावण) कमी वापरा, माझा एक सुरकुतला. टाक्यांचे जॉइंट सगळ्यात वाईट, एक संध्याकाळ त्यांच्यासाठीच ठेवा. आणि किटमध्ये मागच्या घसरपट्ट्या (मागे चाकांऐवजी असलेल्या, ज्यांवर विमान उतरायचं) फक्त उतरवलेल्या स्थितीत दिल्यात, म्हणजे डमी इंजिन लावून विमान जमिनीवर उभं करायला सांगतात, जे शक्यच नाही. ते खाली इतकं लोंबतं की लँडिंगच्या आधी सोडूनच द्यायला लागायचं. मी घसरपट्ट्या कापून बॉडीला चिकटवल्या, पितळी तारेचा स्टँड केला आणि विमान हवेत ठेवलं.

टाक्या लावल्या नाहीत, कारण मॅक २ च्या आसपास त्या सोडून द्यायचे आणि मला त्याच्या नंतरचा क्षण हवा होता. लेप पुढच्या कडांना करपवलाय, खालच्या पंख्यावर नवीन कापलेल्या लटकणीजवळ बारीक ड्रिलने एक भोक पाडून कडेला तपकिरी-काळा दिलाय. डमी इंजिन अजून जागेवर आहे. भाचा ते फिरवून फिरवून खालूनच बघतो.