मालमत्ता कायद्याचा वीकेंड कोर्स : सातबारा शिकण्यासाठी जा, प्लेसमेंटसाठी नको

पुण्यातल्या एका खासगी संस्थेचा कन्व्हेयन्सिंगचा, म्हणजे मालमत्ता हस्तांतराच्या कागदपत्रांचा, सर्टिफिकेट कोर्स नुकताच संपवला. शनिवार-रविवार, तीन महिने, फी 18 हजार. वकिलीची सनद मिळून दोन-तीन वर्षं झालेल्या, सिनिअरकडे तारखा घेत फिरणाऱ्या मैत्रिणी सारख्या विचारतायत, म्हणून सविस्तर लिहिते.

या कोर्समध्ये सोनं आहे ते टायटल सर्चच्या, म्हणजे जमिनीची मालकी तपासण्याच्या तासांत. शिकवायला एक निवृत्त महसूल अधिकारी. त्यांनी मुळशीकडचा एक सातबारा पडद्यावर लावला आणि थोरल्या भावाच्या नावापुढच्या ‘ए.कु.मॅ.’ या अक्षरांवर बोट ठेवलं. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन त्याच्या एकट्याची नव्हेच. मग बाकीचे भाऊ, बहिणी कुठे गेल्या? तिथून फेरफार, वारसनोंद, हक्कसोडपत्र असं करत सरांनी आम्हाला तीस वर्षं मागे नेलं. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क देणारी 2005 ची वारसा कायद्यातली दुरुस्ती आणि तो हक्क जन्मापासूनचा आहे म्हणणारा 2020 चा विनीता शर्मा निकाल कॉलेजात पाठ केलेला. पण बहिणीची सही नसलेलं खरेदीखत पाहून बँकेच्या पॅनेलवरचा वकील आधी त्याची तारीख का बघतो, 20 डिसेंबर 2004 च्या आधीचं (अशा व्यवहारांना ही दुरुस्ती धक्का लावत नाही) की नंतरचं, हे त्या दुपारी डोक्यात बसलं. एवढ्यासाठी फी वसूल झाली असं मी म्हणेन.

प्लेसमेंटचं मात्र खरं नाही. जाहिरातीत ‘नामांकित बिल्डर कंपन्यांत संधी’ होती; हातात पडली एचआरच्या ईमेलची यादी. मुळात डेव्हलपरच्या लीगल विभागात नवख्याला बहुतेक करारनामे भरणं आणि नोंदणीला धावणं एवढंच येतं. महारेरात, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामक प्राधिकरणात, प्रकल्प नोंदवायला लागणारा टायटल रिपोर्ट बाहेरच्या मुरलेल्या वकिलाकडून घेतात. महारेराच्या तक्रारींवर जम बसवू म्हणाल, तर रेरा कायद्याच्या कलम 56 मुळे तिथे सीए आणि सीएस (कंपनी सेक्रेटरी) सुद्धा बाजू मांडू शकतात. हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

माझ्या मते आपल्यासारख्यांना काम आहे ते सोसायट्यांत. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यावी असं सांगणारा मोफा कायदा 1963 चा, तरी कित्येक इमारतींखालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर. मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर सही देत नसतानाही जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याचा) अर्ज, जिल्हा उपनिबंधकांसमोरची सुनावणी, पुढे पुनर्विकासात सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79-अ ची प्रक्रिया, बँक हमी, पर्यायी जागेचं भाडं... हे सगळं सर्वसाधारण सभेत ज्येष्ठ सभासदांना मराठीत समजावून सांगणारा वकील त्यांना हवा असतो. या विषयाला कोर्समध्ये एकच तास, तोही घाईत उरकलेला. संस्थेने इथे निदान चार तास द्यावेत आणि एखादा खरा अर्ज कागदपत्रांसह तयार करून घ्यावा.

पैसे भरण्याआधी महसूलचे तास कोण घेणार ते फोन करून विचारा. तेच सर असतील तर डोळे झाकून जा.