वॉलआय काठावरून: जिग की तरंगता प्लग?

अमेरिकेतल्या मिनेसोटात नुकत्याच स्थिरावलेल्या भाच्याचा प्रश्न: मे महिन्यात मासेमारीचा हंगाम सुरू झाला की तळ्याच्या काठावरून वॉलआय या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी जिग (जड डोक्याचा, तळाशी जाणारा गळ) घ्यावा की प्लग, म्हणजे माशाच्या आकाराचं तरंगतं कृत्रिम आमिष? पाकिटावरची छापील आश्वासनं बाजूला ठेवू.

आधी वेळ. वॉलआयच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून तो अंधुक उजेडात उथळ पाण्यात शिकारीला येतो. दिवस मावळला की प्लग सरस. तो कमी वेळात जास्त पाणी धुंडाळतो आणि दगडांच्या वरून सरकतो. अडकला तर दोरी सैल सोडायची, बहुतेकदा तो आपोआप वर येतो. जिगचं डोकं मात्र सहसा शिशाचं. खडकाळ तळ असला की कपारीत रुतलंच म्हणून समजा.

खर्चाचं गणित उलटं. एका प्लगच्या पैशांत मूठभर जिग येतात, त्यामुळे एखादा तुटल्याचं दुःख नाही. प्लगला तिहेरी गळ असतात, मासा सोडवताना बोटं सांभाळ.

कष्ट? प्लग फेकून हळूहळू, थांबत थांबत गुंडाळायचा, एवढंच. जिगला हात बसावा लागतो: दोरीतला बारीकसा झटका ओळखता आला पाहिजे. पण पाणी गार आणि मासा सुस्त असेल, तेव्हा जिगला जिवंत मिनो (आमिषाचा छोटा मासा) लावून तळाशी संथ खेळवण्याला तोड नाही.

ऑफिसनंतर तासभर, खडकाळ काठ, तिन्हीसांज: प्लग. ढगाळ दिवस, वाळूचा तळ, नदीचं मुख आणि हाताशी निवांत वेळ: जिग. परवाना दोन्हींना लागतोच.