भुसा वॉरंटीत बसत नाही: ३०१८ सीएनसीवर खाचांचे डबे

माझं ३०१८ सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगप्रमाणे आपोआप कापणारं छोटं मशीन. लाकूड कोरायच्या या मशीनची मोटर लाकडाच्या भुशाने गेली, म्हणून वॉरंटी नाही. विक्रेत्याच्या माणसाने हे फोनवर अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं: "सर, आत डस्ट गेलीय ना, ते फिजिकल डॅमेजमध्ये येतं." मी विचारलं, मग या मशीनवर कापायचं काय, लोणी? त्यावर उत्तर, "टीम तुम्हाला कॉल करेल." कसला कॉल नि कसलं काय! ७७५ ची ब्रशवाली मोटर आहे. तिचे कार्बन ब्रश झिजणार आणि हवेच्या भोकांतून भुसा आत जाणार, हे ती निवडणाऱ्यालाही ठाऊक असणारच. नवी मोटर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळाली, मीच बसवली. भोकांवर आता जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा ताणून बांधलाय.

पण मोटरचं दुखणं स्वस्तातलं. माझं खरं भांडण कोपऱ्याशी आहे.

मी मसाल्याचे छोटे डबे करतो, प्लायचे आणि अधूनमधून फणसाच्या लाकडाचे. चारी बाजूंना दात आणि खाचा पाडून, एकमेकांत अडकवून फेव्हिकॉल. फळी आडवी ठेवून खाच कापली की आतला कोपरा काटकोनात येत नाही, कारण बिट, म्हणजे फिरणारं कापायचं टोक, गोल. ३.१७५ एमएमच्या बिटाने जवळजवळ १.६ एमएम त्रिज्येची गोलाई राहते आणि समोरचा चौकोनी दात तिथे अडतो. फळी उभी धरून टोकावरून खाच घेतली तर तळ सपाट आणि कोपरे चौकोनी येतात, हे खरं. पण ३०१८ वर फळी उभी करायची कुठे? झेडची, म्हणजे बिटाची वर-खाली, चाल ४५ एमएम. बेडवर, म्हणजे फळी धरायच्या पाटावर, उभी केली तर बोटभर उंचीचीच मावते, आणि बेडच्या कडेने खाली सोडावी तर बेड ज्यांवर सरकतो ते दांडे आणि स्क्रू मधे येतात. जाहिरातीच्या व्हिडिओत मात्र सगळे जोड खटाखट बसतात. कोपऱ्याजवळ कॅमेरा जातच नाही.

यावर सगळीकडे एकच तोडगा सांगतात: डॉगबोन, म्हणजे कोपऱ्यात बिट थोडं जास्त आत घालून कान काढायचा. केलं. दात बसला, पण प्रत्येक कोपऱ्यात आरपार बारीक फट राहिली. कपाटाच्या खणाला चाललं असतं. माझ्या डब्यांत लोक गूळही ठेवतात, आणि कोकणात मुंग्यांना वाट दाखवावी लागत नाही. मग पटाशीने कोपरे चौकोनी करायचे ठरवलं आणि वाडीतल्या मेस्त्रींकडे फळ्या नेल्या. त्यांनी फळी उलटसुलट पाहिली नि म्हणाले, "मशीन तुझा नि पटाशी माझी?" मजुरी सांगितली ती ऐकून फळ्या परत आणल्या.

इथवरचं लिहिलं तेव्हा शेवटी "घेऊ नका" असंच म्हणणार होतो. आता तसं म्हणवत नाही. खाच चौकोनी करायच्या भानगडीत पडायचंच नाही, दातच गोल करायचा. जोडल्यावर दाताच्या ज्या दोन कडा खाचेच्या तळाशी जातात, म्हणजे डब्याच्या आतल्या बाजूच्या, त्या कानशीने गोलाईइतक्या उतरवायच्या. दोन-तीन हात मारले की दात कोपऱ्यात चपखल बसतो. फट नाही, फिलर नाही, बाहेरून कळतही नाही. कानस घरातच होती, म्हणून हा उपाय मला जास्तच आवडला असेल.

मापांचं म्हणाल तर मशीनने मला चकित केलं. हे मशीन चालवणाऱ्या जीआरबीएल या सॉफ्टवेअरमध्ये एक्स आणि वायचं, म्हणजे आडव्या दोन दिशांचं, सेटिंग ८०० स्टेप प्रति मिलिमीटर करूनच येतं. १०० एमएमची रेघ ओढून कॅलिपर लावला, फारसं बदलावं लागलं नाही. गोंधळ घालतं ते प्लाय. दुकानात १२ एमएमची म्हणून मिळते ती ११.४, कधी त्याहून कमी. ड्रॉइंगमध्ये १२ टाकलं तर दात बाहेर डोकावतात आणि ते घासण्यात संध्याकाळ जाते. प्रत्येक फळीची जाडी मोजायची, तेवढीच खाच खोल घ्यायची. रुंदीत मी ०.१ एमएम मोकळीक ठेवतो. त्याहून घट्ट केलं तर गोंद लागल्यावर दात अर्ध्यात अडकतो, आणि हातोडी घातली की प्लायचा वरचा पापुद्रा उडतो. पापुद्रा बिट बाहेर पडतानाही उडतो, म्हणून खाली टाकाऊ एमडीएफ दाबून बसवायचा.

वेळ? विचारू नका. अर्धा एमएमच्या फेऱ्या धरल्या तर १२ च्या फळीला २४ फेऱ्या, ६०० च्या फीडला, म्हणजे मिनिटाला ६०० एमएम. जोर केला की मोटर रडते. मशीन चालू करून भात लावावा, आमटी करावी, तरी कापणं चालूच. आवाज शेजाऱ्यांना विचारा.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. लाईट गेली की मशीन आपली जागा विसरतं. माझ्या मॉडेलला लिमिट स्विच (चालीच्या टोकाला दाबले जाऊन जागा कळवणारे) नाहीत, त्यामुळे शून्य पुन्हा हाताने घ्यावं लागतं. बेडवर दोन पिना ठोकल्यात, फळीचा कोपरा कायम त्यांनाच टेकवतो, म्हणून अर्धी कापलेली फळी वाचते. बेडवरचा एमडीएफ मात्र ओल धरून फुगतो आणि एका बाजूला खाच आरपार जात नाही. जून ते सप्टेंबर तो वरून छिलून सपाट करत राहावं लागतं.

३०० एमएमहून लांब बाजूचे डबे करायचे असतील तर हे मशीन नको, फळी सरकवून दुसऱ्यांदा धरण्यात सांधा हमखास हलतो. छोट्या डब्यांना, हाताशी कानस असेल तर, घ्या. विक्रेता लेसरचं डोकं जोडून देत असेल तर ते नको म्हणा आणि त्या पैशांत बिटं घ्या: ३.१७५ ची चार-पाच, कारण प्लायचा गोंद त्यांची धार लवकर खातो, आणि एक जादा ७७५ मोटर.