हिफ-वन अल्फाची अँटीबॉडी घेतली आणि फसले, व्हायलवरचं लेबल नीट बघा

आमच्या लॅबमधल्या ज्युनियरने परवा मला ही अँटीबॉडी विकलेल्या त्याच डीलरचं कोटेशन आणलेलं बघितलं आणि पोटात गोळा आला म्हणून लिहितेय, माझे पीएचडीचे चार महिने त्या शंभर मायक्रोलिटरमध्ये गेलेत. अँटीबॉडी म्हणजे एका ठरावीक प्रोटीनला चिकटून ते आपल्याला दाखवणारी.

मला हिफ-वन अल्फा बघायचं होतं, पेशीला ऑक्सिजन कमी पडला की जीन चालू करणारा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, २०१९ चं मेडिसिनचं नोबेल ज्या कामाला मिळालं त्यातलाच. हे प्रोटीन फार नाजूक, नेहमीच्या ऑक्सिजनमध्ये पाचेक मिनिटांत निम्मं संपतं, त्यामुळे प्लेट बाहेर काढली की बर्फावर पळापळ. आणि हिशेबाने ९३ किलोडाल्टन वजनाचं असलं तरी ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळी करून अँटीबॉडीने बघतात त्या चाचणीत, त्याचा पट्टा (बँड) दिसतो ११०-१२० च्या आसपास.

कंपनीकडून मागवली तर दोन महिने लागणार होते. हा डीलर म्हणाला मॅडम रेडी स्टॉक आहे, आठवड्यात देतो, आणि किंमत पण कमी. सरांनी सही केली. डबा आला शनिवारी दुपारी, आतले जेल पॅक पूर्ण वितळलेले, तेव्हाच परत पाठवायला हवा होता पण मला घाई होती.

पहिल्याच ब्लॉटला ६५ ला जाड बँड, वर काहीच नाही. डीलरला फोन केला तर म्हणे तुमचं प्रोटीन जेलमधून मेंब्रेनवर ट्रान्सफर होत नसेल, मोठं आहे ना. मग मी ट्रान्सफरचा वेळ वाढवला, मेंब्रेन बदलली, न्यूक्लियर एक्सट्रॅक्ट (फक्त पेशीच्या न्यूक्लियसमधली प्रोटीन) काढला तर तो बँडही फिका झाला, वाटलं माझाच हात चुकतोय, असं करत तीन महिने. शेवटी कोबाल्ट क्लोराईड दिलेल्या आणि न दिलेल्या पेशी शेजारी शेजारी लावल्या, त्याने हिफ टिकून राहतं, पण दोन्ही लेनमध्ये तोच बँड, तेवढाच जाड, म्हणजे ते हिफ नव्हतंच. हे पहिल्या आठवड्यातच करायचं असतं हो, अँटीबॉडी कुठूनही आलेली असू दे.

मग व्हायल हातात घेऊन बघितली. ओलाव्याने लेबलचा कोपरा सुटला होता आणि खाली दुसरं लेबल! एक्सपायरी उलटून गेलेली, कॅटलॉग नंबर शोधला तर ती भलत्याच प्रोटीनची, एनएफ-कप्पा-बी च्या पी-६५ ची अँटीबॉडी. सगळा उलगडा झाला, ६५ चा बँड, आणि पी-६५ बहुतेक न्यूक्लियसच्या बाहेरच असतं म्हणून तिथे फिका. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं की वरच्या लेबलवरचा लॉट नंबर आमचा नाहीच आणि हा माणूस आमचा डीलरही नाही.

डीलरचं एकच, उघडलेला माल परत घेत नाही. आणि बिल तर अकाउंट्सने केव्हाच पास केलेलं.

कोटेशनसोबत कंपनीचं ऑथोरायझेशन लेटर मागा, सील तोडायच्या आधी व्हायलचा फोटो काढून लॉट नंबर कंपनीलाच विचारा, आणि कंट्रोल ब्लॉट (वरच्यासारखी शेजारी शेजारी तुलना) होईपर्यंत बिलावर सही करू नका, कोणी कितीही मागे लागलं तरी.

ज्युनियरचं कोटेशन आम्ही थांबवलंय, सोमवारी व्हायल दोन्ही लेबलांसकट परचेस कमिटीपुढे ठेवतोय.