सुतारकाम शिकायचं तर कुठं? आयटीआय, मिस्त्रीचा हात की उद्यमबागचं पॅटर्न शॉप

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी दोन-तीन बाप पोराला घेऊन आमच्या बेळगावच्या वर्कशॉपला येतात. कुणी येळ्ळूरचा, कुणी खानापूरकडचा. प्रश्न एकच असतो: "मिस्त्री, ह्याला तुमच्याकडं ठेवून घेता, की आयटीआयला घालू?" मी दोन्हीकडं शिकलोय. आधी मिस्त्रीच्या हाताखाली तीन वर्षं काढली, मग आयटीआयचं कार्पेंटर केलं. म्हणून उत्तर देताना मी आधी दोन गोष्टी विचारायला सांगतो. पोराच्या हातात लाकूड कधी येणार? आणि ते कापताना चुकलं तर भुर्दंड कुणावर?

मिस्त्रीकडं पहिलं वर्ष झाडलोट, पॉलिश पेपर मारणं, फेव्हिकॉल लावणं आणि प्लायवुडचे आठ बाय चारचे बोर्ड जिन्यानं वर चढवणं यात जातं. यात मिस्त्रीचा दोष नाही. लाकूड गिऱ्हाइकाचं असतं. सोळाव्या वर्षी मला पहिल्यांदा सागाची चौकट कापायला मिळाली, हिंडलग्याच्या एका घराची. उभा खांब मी तीन सूत कमी कापला. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे जवळजवळ साडेनऊ मिलिमीटर. दार आधीच तयार होतं, त्यामुळं दुसरा खांब कापून बरोबरी करायचीही सोय नव्हती. मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत. पण पुढचे सहा महिने करवत माझ्या हातात आली नाही.

आयटीआयमध्ये पहिल्याच महिन्यात मी जे कापलं, त्यातलं निम्मं टाकाऊ झालं. कुसू, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारं टोक, सैल निघाला की निदेशक म्हणायचे, दुसरा तुकडा घे. तिथलं लाकूड चुकण्यासाठीच ठेवलेलं असतं. कार्पेंटर हा ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पास मुलाला चालतो, वय किमान १४. वर्षाच्या १२०० तासांपैकी ८४० तास प्रत्यक्ष काम, बाकी थिअरी आणि रोजगार कौशल्य. शिवाय १५० तास बाहेर प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी. शेवटी अखिल भारतीय परीक्षा आणि केंद्राचं राष्ट्रीय प्रमाणपत्र. लाकडाच्या जाती, ओल, नकाशा वाचणं, मापावरून लाकडाचा हिशोब काढणं हे मिस्त्रीकडं कुणी बसवून शिकवत नाही. तिथं ते शिकवतात.

मात्र आयटीआयमधून थेट बाहेर पडलेल्या मुलाला मी मॉड्युलर किचनच्या कामावर एकटा सोडत नाही. कपाटाच्या दाराला बिजागरी बसवताना १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये ३५ मिलिमीटर व्यासाचं भोक पाडतात, साधारण १२ मिलिमीटर खोल. ड्रिल जरा जास्त दाबलं की पलीकडच्या लॅमिनेटला फुगवटा येतो आणि ते दार गेलं. हा हाताचा दाब पन्नास दारं केल्यावर येतो, आणि पन्नास दारं फक्त चालू कामावरच मिळतात. त्यात मिस्त्री सुतात बोलतो आणि आयटीआयचा मुलगा मिलिमीटरमध्ये. पहिले काही आठवडे दोघांचं एकमेकाला कळत नाही.

भाषेचं कारण काढून अनेक घरं आयटीआय नको म्हणतात, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. इकडच्या संस्थांत वर्गात कन्नड चालतं. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिले दोन महिने जड जातात, हे मी नाकारत नाही. पण शिकवायचं अर्धं अधिक टेबलावर असतं आणि निदेशकाचा हात बघून कळतं. शिवाय बेळगावात सुतारकाम करायचं तर कन्नड गिऱ्हाईक टळणार नाही. आमच्याकडं सुतार आणि बडिगेर ही दोन आडनावं एकाच धंद्याची, एक मराठीतलं, एक कन्नडमधलं. मी वर्गात कन्नड शिकलो, आणि आज माझी निम्मी कामं त्या भाषेत ठरतात.

कुणाला गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला जाऊनच शिकायचं असेल तर तोही रस्ता आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रातल्या व्यावसायिक प्रवेशांत सवलत मिळते. आयटीआयसाठी त्या सालच्या माहितीपुस्तिकेतलं कलम वाचून, गावाचा आणि मातृभाषेचा दाखला आधीच काढून ठेवा. फक्त एवढं लक्षात असू द्या की प्रमाणपत्र केंद्राचं आहे. ते बेळगावातून घेतलं काय नि कोल्हापुरातून घेतलं काय, किंमत एकच. आणि कार्पेंटर ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो. फिटर, इलेक्ट्रिशियन जागोजागी मिळतात, सुतारकाम शोधावं लागतं. अर्ज भरण्याआधी तेवढी खात्री करा.

कागदाचा उपयोग काय, असं बाप विचारतात. घरगुती कामात गिऱ्हाईक तो मागत नाही, हे खरं. पण हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपच्या अप्रेंटिस भरतीत कार्पेंटरच्या जागा निघत आल्यात, आणि तिथं आयटीआयशिवाय अर्जच घेत नाहीत. त्या जाहिरातींत दहावीला ५० टक्केही मागतात. म्हणून आठवीवर आयटीआय होतं हे ठाऊक असूनही मी दहावी पुरी करूनच पाठवा म्हणतो. अप्रेंटिसशिप म्हणजे १९६१ च्या कायद्याखालची उमेदवारी. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिना किमान ७,००० रुपये आणि पाचवी ते नववी शिकलेल्याला ५,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. मिस्त्रीकडं रोज किती मिळेल ते मिस्त्रीच्या मनावर.

तिसरी वाट बेळगावातच आहे आणि तिचा विचार फार कमी घरं करतात: उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतलं पॅटर्न शॉप. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा उमटवावा लागतो, आणि तो उमटवायला लाकडी पॅटर्न लागतो. तो सुतारच करतो. बिडाचं ओतकाम थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून मीटरभर लांबीचा भाग हवा असेल तर पॅटर्न दहा मिलिमीटर मोठा करायचा. त्यासाठी पॅटर्न करणाऱ्याकडं वेगळी पट्टी असते, तिच्यावरची मापंच तेवढी ताणलेली. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून उभ्या बाजूंना थोडा उतार द्यायचा. चौकट-कपाट करणाऱ्या चांगल्या सुतारालाही हे नवीन असतं. ज्या मुलाला गणित आवडतं आणि अर्ध्या मिलिमीटरसाठी तासभर घासायचा धीर आहे, त्याला मी तिकडं पाठवीन. पण उरलेलं खरंही सांगतो. मोठ्या संख्येच्या कामासाठी आता अॅल्युमिनियमचे आणि सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर, कापलेले पॅटर्न येतात. लाकडी काम उरतं ते एक-दोन नगांसाठी आणि दुरुस्तीसाठी. तिथं जाणाऱ्यानं नकाशा वाचण्याबरोबर संगणकावरचं ड्रॉइंगही शिकायला हवं.

आधीच चार-पाच वर्षं काम करणाऱ्या, घर चालवणाऱ्या माणसाला वर्षभर वर्गात बसणं परवडत नाही. त्याला मी आयटीआय सांगत नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ धंदे आहेत आणि सुतार त्यात आहे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, १५,००० रुपयांपर्यंतचं हत्यारांसाठी व्हाउचर आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. वय १८ पुरं हवं आणि एका घरातून एकालाच मिळतं. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते. पण सात दिवसांत कुणी सुतार होत नाही, ही सोय सुतार असलेल्यासाठी आहे. कोऱ्या मुलानं ती आयटीआयच्या जागी धरू नये. बांधकामावर जाणाऱ्यानं कामगार मंडळाचं कार्डही काढावं; वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

मशीनबद्दल एक गोष्ट, कारण मी बोटं गेलेली माणसं पाहिलीत. बऱ्याच वर्कशॉपमध्ये टेबल करवतीचा गार्ड, म्हणजे पात्यावरचं झाकण, काढून ठेवलेला असतो, मध्ये येतो म्हणून. आयटीआयमध्ये तो लावूनच काम करायची सवय लागते. मुलगा मिस्त्रीकडं ठेवायचा असेल तर आधी जाऊन ती करवत बघा. गार्ड नसेल तर त्या मिस्त्रीचा हात कितीही चांगला असला तरी दुसरा मिस्त्री शोधा.

माझा सल्ला विचाराल तर: वय पंधरा ते अठरा असेल तर आयटीआय, आणि त्याच वर्षी रविवारी, सुट्टीत एखाद्या मिस्त्रीकडं. दोन्ही एकदम. मी तीन वर्षांत जे तुकड्यातुकड्यानं गोळा केलं, ते असं करणारा मुलगा दीड वर्षात उचलतो, हे माझ्याकडं आलेल्या पोरांत मी बघितलंय. घरी पैशाची फारच ओढ असेल आणि पोरानं लगेच कमवायलाच हवं असेल, तर मिस्त्रीकडं ठेवा, पण दुसऱ्या वर्षापासून कापायला देणार का हे पहिल्याच दिवशी तोंडावर विचारून घ्या.

प्रवेश घेण्याआधी, सुट्टी नसलेल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला आयटीआयच्या सुतार विभागात जाऊन या. जमिनीवर रंध्याच्या ताज्या ढलप्या पडलेल्या दिसतात का बघा, आणि पाच पोरांचे हात बघा.